सेरामपूरचा माळी : विल्यम केरी

कोकणात व सह्याद्रीच्या उतारावर राहणाऱ्या आपल्या वाचकांस कुंभा नावाचे झाड ठाऊक असेलच. थंडीच्या दिवसांत त्याची पाने तांबूस होऊन गळतात. मग उन्हाळ्याच्या आरंभी त्याच्या उघड्या फांद्यांवर पांढऱ्या-गुलाबी केसरांची मोठमोठी फुले येतात, आणि सकाळी झाडाखाली त्यांचा सडा पडलेला दिसतो. फळ हिरवे, वाटोळे, लहानशा घागरीसारखे असते. सालीच्या वाखाचा दोर होतो. गुरे राखणाऱ्या मुलांच्या नित्य परिचयाचे हे झाड आहे. परंतु शास्त्रीय ग्रंथांत या झाडास केरिया असे नाव आहे, आणि ते एका माणसाच्या नावावरून पडले आहे, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असेल. तो मनुष्य म्हणजे विल्यम केरी होय. पवित्र शास्त्राचे भाषांतर करणारा, छापखाना व विद्यालय स्थापणारा म्हणून त्यांचे नाव आपल्या मंडळ्यांत वारंवार ऐकू येते. परंतु हा मनुष्य बाळपणापासून मरणाच्या दिवसापर्यंत माळी होता, आणि त्याचे इतर सर्व काम त्याने माळ्याच्याच रीतीने केले, ही गोष्ट सांगण्यासाठी आज हा लेख लिहीत आहो.

केरी यांचा जन्म इंग्लंड देशाच्या नॉर्थअँप्टन परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. बाप एडमंड हा मागावर कापड विणणारा गरीब विणकर होता. विल्यम लहान असतानाच त्या बापास गावच्या शाळेतील मास्तराची जागा मिळाली. पीटर नावाचा एक चुलता होता, तो तरुणपणी शिपाईगिरी करून कानडा देशी राहून आलेला होता, आणि परत आल्यावर गावात माळीकाम करीत असे. या चुलत्याच्या मागे मागे फिरून मुलाने झाडांची नावे, बी पेरण्याची वेळ, रोप हलविण्याची रीत या गोष्टी शिकून घेतल्या. घरात त्याची जी खोली होती तीत किडे, पाखरे व रानातील रोपे यांचा भरणा असे. बापाच्या परसात कोठे रिकामा कोपरा दिसला की तेथे तो काही तरी लावून ठेवी. त्याच्याविषयी अशी एक गोष्ट सांगतात की, एकदा पाखराचे घरटे पाहण्यासाठी तो झाडावर चढला व खाली पडून बराच दुखावला. पुढे अंथरुणातून उठण्याची परवानगी मिळताच तो पहिल्याने त्याच झाडावर पुन्हा चढला.

असा मुलगा शेतावर किंवा बागेत कामास लागावा हे साहजिक होते. पण त्यास त्वचेचा एक विकार होता. उन्हात काम केले की तोंडास व हातांस आग होऊन त्यास रात्री झोप येत नसे. म्हणून निरुपायाने बापाने त्यास पिडिंग्टन गावी जोडे शिवण्याच्या दुकानात उमेदवार म्हणून ठेविले. ज्यास ऊन सोसत नाही म्हणून शेतकामातून काढावे लागले, तोच पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षे राहणार होता, हे त्या वेळी कोणास ठाऊक?

दुकानात आरी आणि दोरा चालवीत असता त्याने पुस्तक जवळ ठेवून लॅटिन, ग्रीक, इब्री अशा भाषा एकामागून एक शिकून घेतल्या. याच काळात त्याचे मन प्रभूकडे वळले व तो बॅप्टिस्ट मंडळीत आला. १७८१ साली डॉरथी प्लॅकेट हिच्याशी त्याचे लग्न झाले. पुढे मोल्टन गावी तो शाळा चालवी, जोडे शिवी व रविवारी उपदेश करी. तरी तीनही कामे मिळून घरात पोटभर अन्न येण्याची मारामार असे. कामाच्या जागी भिंतीवर कागद चिकटवून त्याने जगाचा मोठा नकाशा काढिला होता, आणि त्यावर प्रत्येक देशाची लोकसंख्या व धर्म यांची टिपणे केली होती. पुढे लेस्टर शहरी पाळक झाल्यावरही घराजवळच्या लहानशा जागेत त्याने फुलझाडे लाविली. ज्या ज्या घरी केरी राहिले त्या त्या घरी काही तरी उगवत असे.

१७९२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात केटरिंग गावी थोड्या पाळकांनी मिळून बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापिली. दुसऱ्या वर्षी जून महिन्यात केरी आपले कुटुंब व डॉक्टर टॉमस यांजसह एका डॅनिश जहाजावर चढले, व नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्यास उतरले. त्या काळी कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांस राहू देत नसे. हाती आणलेला पैसा लवकरच संपला. काही दिवस सुंदरबनाच्या दलदलीजवळ जंगल तोडून शेती करण्याचा प्रयत्न झाला. मग १७९४ साली उत्तर बंगालात मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर केरींस देखरेखीची नोकरी मिळाली.

येथे या घराण्यावर जे दुःख आले ते चरित्र लिहिणाऱ्याने झाकून ठेवू नये. त्याच वर्षी पीटर नावाचा त्यांचा पाच वर्षांचा मुलगा हगवणीच्या आजाराने वारला. परक्या मुलखात, परक्या धर्माच्या माणसाच्या मुलाचे प्रेत. खड्डा खणण्यास व प्रेत उचलण्यास माणसे मिळणे कठीण झाले. आपल्या खेड्यांतील ज्या वडील माणसांनी पूर्वी असे दिवस पाहिले आहेत, त्यांस हे अधिक सांगावयास नको. डॉरथीबाई मुळात या प्रवासास मनापासून तयार नव्हती. या दुःखानंतर तिची बुद्धी भ्रमली आणि १८०७ साली मरेपर्यंत ती ताळ्यावर आली नाही. शेजारच्या खोलीत आजारी पत्नीचा आक्रोश चालू असताना केरी भाषांतर करीत बसत. यात केरींचे धैर्य दिसते हे खरे. परंतु त्या माउलीने या कामासाठी जी किंमत दिली ती त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिक होती, हेही खरे. केरींच्या कामाची आठवण करिताना डॉरथीबाईचीही आठवण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

अशा दिवसांत केरींनी इंग्लंडास जी पत्रे लिहिली त्यांत पैशापेक्षा दुसऱ्याच वस्तूंची मागणी आढळते. विळे, कोयते, नांगराचे सामान पाठवा, आणि दरवर्षी भाज्यांचे, फुलांचे व फळझाडांचे बी पाठवीत जा, अशी त्यांची विनंती होती. हे बी केवळ आपल्या परसासाठी नव्हते. या देशातील शेतकऱ्यांस त्याचा कायमचा लाभ होईल असे त्यांस वाटत होते.

मदनाबाटीस साडेपाच वर्षे गेली. बंगाली नव्या कराराचे भाषांतर झाले, शाळा निघाली, खेडोपाडी उपदेश झाला. परंतु प्रभूचा स्वीकार करणारा एकही बंगाली मनुष्य मिळाला नाही. पुढे जानेवारी १८०० मध्ये केरी हुगळी नदीच्या काठी सेरामपूर येथे राहावयास गेले. बंगाली लोक या गावास श्रीरामपूर म्हणतात. आपल्याकडील श्रीरामपूर ते हे नव्हे. हे गाव त्या वेळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात असल्यामुळे तेथे मिशनऱ्यांस आश्रय मिळाला. मार्शमन व वॉर्ड हे दोन सहकारी त्यांस येथे लाभले. त्याच वर्षी ता. २८ डिसेंबर रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराने बाप्तिस्मा घेतला. हिंदुस्थानात पाऊल ठेविल्यापासून सात वर्षांनी हे पहिले फळ आले. पेरलेले बी आठ दिवसांत उगवले नाही म्हणून वाफा उकरून पाहणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले नसते.

सेरामपुरास केरींनी आपली प्रसिद्ध बाग लाविली. ती सुमारे पाच एकर होती. स्वीडन देशाचे विद्वान लिनीअस यांनी वनस्पतींचे जे वर्ग ठरविले आहेत, त्याच क्रमाने केरींनी वाफे आखून झाडे लाविली होती. या क्रमात लाविलेल्या जातींची संख्या ४०० हून अधिक झाली होती. मोठ्या झाडांच्या रांगेखाली एक लांब, सावलीची वाट होती. ते माळ्यांबरोबर हिंडून कोणत्या रोपास पाणी कमी झाले, कोणते कलम धरले, हे स्वतः पाहत. कोणी एखादा वाफा विस्कटला तर या शांत मनुष्यास फार दुःख होई. सूर्योदयाच्या वेळी व पुन्हा सायंकाळी ते या बागेत एकटे जात व प्रार्थना करीत. दिवसभर पंडितांबरोबर भाषांतर, छापखान्यातील मुद्रिते तपासणे, विद्यार्थ्यांस शिकविणे, पत्रे लिहिणे, उपदेश करणे, अशी कामांची रांग असे. परंतु दिवसाची दोन्ही टोके बागेत बांधलेली असत.

कोणी विचारील की, जो देवाचे वचन सांगावयास आला त्याने फुलझाडांपायी वेळ का दवडावा? हा प्रश्न त्या काळीही काहींच्या मनात आला असेल. याचे उत्तर त्यांच्या वागण्यात आहे. भाषांतराचे काम पंधरा-पंधरा वर्षे चालणारे. एका शब्दासाठी दिवस जावा, आणि छापून झाल्यावर चूक दिसावी. असे काम करणाऱ्याचे मन बागेत ताजे होई. आणि दुसरे असे की, ज्या देवाने माणसाच्या तारणाची योजना केली त्यानेच गवताचे पातेही केले, म्हणून एकाची सेवा करिताना दुसऱ्याकडे पाहण्यास मनाई आहे, असे त्यांस कधीच वाटले नाही.

कलकत्त्याजवळ शिबपूर येथे सरकारी वनस्पतिबाग होती. तिचे अधिकारी डॉ. विल्यम रॉक्सबर्ग यांची व केरींची मोठी मैत्री जमली. दोघांमध्ये बियांची व रोपांची देवघेव नेहमी चाले. रॉक्सबर्ग यांनीच कुंभ्याच्या जातीस केरींचे नाव दिले. पुढे १८१३ साली ते प्रकृती बिघडल्यामुळे या देशातून गेले आणि १८१५ साली वारले. त्यांचे जन्माचे लेखन छापल्यावाचून राहू नये म्हणून केरींनी ते आपल्या अंगावर घेतले. शिबपूरच्या बागेतील झाडांची यादी त्यांनी १८१४ साली सेरामपुरास छापली. हिंदुस्थानच्या वनस्पतींचे वर्णन करणारा रॉक्सबर्ग यांचा मोठा ग्रंथही त्यांनी संपादन करून छापण्यास आरंभ केला. त्याचे तीनही भाग मिळून १८३२ साली बाहेर पडले. मेलेल्या मित्राचे काम आपले काम समजून त्यांनी इतकी वर्षे वाहिले.

केरींचे मुलगे मोठे होऊन दूर दूर गेले. फेलिक्स ब्रह्मदेशी गेला, जाबेझ मोलुक्का बेटांत अंबॉयना येथे गेला. बाप त्यांस पत्र लिही तेव्हा मंडळीच्या कामाची विचारपूस करून झाल्यावर तेथील झाडांचे बी व कंद पाठविण्याविषयी लिहीत असे. इंग्लंडातूनही बियांच्या पिशव्या येत. एकदा अशी एक पिशवी रिकामी केल्यावर तिच्या तळाशी राहिलेली माती त्यांनी बागेच्या एका सावलीच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी पाहतात तो त्या जागी एक कोवळे रोप उगवले होते. ते इंग्लंडच्या कुरणांत गवताबरोबर उगवणारे डेझी नावाचे साधे फूल निघाले. तीस वर्षांत ते फूल त्यांनी पाहिले नव्हते. ज्या गावी ते पुन्हा कधीही परत जाणार नव्हते त्या गावच्या मातीचे ते फूल होते. ते पाहून त्यांस लहान मुलासारखा आनंद झाला. पुढे त्याचे बी धरून ते दरवर्षी पेरीत असत. इंग्लंडास मात्र ते एकदाही परत गेले नाहीत.

त्यांचे लक्ष केवळ फुलांवर नव्हते. मदनाबाटीस असताना शेतकऱ्यांची स्थिती त्यांनी जवळून पाहिली होती. दिनाजपूर जिल्ह्यातील शेतीची अवजारे, पिके व जमिनीची निगा यांविषयी त्यांनी एक लेख लिहून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात छापविला. पुढे १८२० सालच्या एप्रिल महिन्यात त्यांनी सेरामपुराहून एक पत्रक काढिले व देशात शेती आणि बागाईत सुधारण्यासाठी एक मंडळी असावी असे सुचविले. पडीक जमीन लागवडीस आणणे, पिकांची पाळी बदलणे, नवी उपयोगी झाडे आणणे, गुरांची जात सुधारणे असे तिचे हेतू होते. त्या मंडळीत युरोपियनांबरोबर या देशच्या लोकांसही सभासद व अधिकारी होता यावे, अशी त्यांची आग्रहाची सूचना होती. त्या काळी ही गोष्ट नवी होती. त्याच वर्षी सप्टेंबरात ही मंडळी कलकत्त्यास स्थापन झाली. तिच्या प्रदर्शनांत शहराच्या आसपासचे माळी आपल्या हातची भाजी आणून मांडीत आणि उत्तम मालास बक्षिसे मिळत. ही संस्था आजही कलकत्त्यात चालू आहे.

हे सर्व काम त्यांनी मोबदल्यावाचून केले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते १८०१ सालापासून बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत, त्याबद्दल त्यांस मोठा पगार होता. परंतु घरखर्चापुरती थोडी रक्कम ठेवून बाकीचा पैसा ते मिशनच्या कामात घालीत. मोठमोठ्या साहेबांच्या पंक्तीस बसण्याचे प्रसंग येत, तरी आपला पूर्वीचा धंदा त्यांनी लपविला नाही. एकदा गव्हर्नर जनरलांच्या घरी जेवताना कोणी अधिकारी शेजाऱ्यास विचारीत होता की हा केरी पूर्वी जोडे करणारा होता ना. ते ऐकून केरींनी पुढे होऊन सांगितले की, आपण नवे जोडे करणारेही नव्हतो, फाटके जोडे सांधणारे होतो.

आता आपल्या मराठी भाषेविषयी. केरी महाराष्ट्रात कधी आले नाहीत. पण नागपूरकडचे वैजनाथ नावाचे पंडित कलकत्त्यास होते, त्यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचा अभ्यास केला. १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली मोडी अक्षरांत छापलेला मराठी शब्दांचा कोश, व १८११ साली मराठी नवा करार, ही त्यांची पुस्तके सेरामपुरास निघाली. मराठी मुलखापासून शेकडो कोसांवर, गंगेच्या मुलखात, मराठी छापील पुस्तकांचा पाया असा घातला गेला. या भाषांतरात दोष होते. पश्चिमेकडील लोकांस त्यातील भाषा परकी वाटे. म्हणून पुढे मुंबईकडील मिशनऱ्यांनी व मराठी ख्रिस्ती विद्वानांनी ते काम पुन्हा नव्याने केले. आज आपल्या हाती असलेला मराठी करार केरींचा नव्हे. परंतु पहिल्या नांगरटीवाचून दुसरी नांगरट होत नाही, ही गोष्ट शेतकऱ्यास सांगावी लागत नाही.

ता. ११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. चौदा भाषांचे खिळे, कागदाचा मोठा साठा आणि केरींनी अनेक वर्षे खपून तयार केलेली हस्तलिखिते जळून गेली. त्यांत पूर्वेकडील अनेक भाषांच्या मोठ्या कोशाचे लिखाण होते. केरी त्या दिवशी कलकत्त्यास होते. बातमी ऐकून ते काही वेळ बोलले नाहीत, त्यांचे डोळे भरून आले. पण दुसऱ्या दिवशी राखेत शिसे वितळून गोळा झालेले सापडले, आणि खिळे पाडण्याचे ठसे व मुद्रणयंत्रे वाचली आहेत असे दिसले. त्याच शिशाचे नवे खिळे पाडण्यास लगेच आरंभ झाला. जळालेली भाषांतरे केरींनी पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहावयास घेतली. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी काम अधिक चांगले होते, असे त्यांनी आपले समाधान करून घेतले.

धीर धरणे म्हणजे प्रत्येक गोष्टीस उशीर करणे, असे मात्र ते समजत नव्हते. सतीच्या चालीविरुद्ध त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे माहिती गोळा केली व सरकारास लिहिले. १८२९ सालच्या डिसेंबर महिन्यात गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी ती चाल बंद करण्याचा कायदा केला, आणि बंगाली भाषांतरासाठी तो केरींकडे पाठविला. कागद हाती आला तो रविवार होता आणि केरींस उपासनेस जावयाचे होते. त्यांनी उपदेशास दुसऱ्यास पाठविले आणि पंडितास घेऊन भाषांतरास बसले. एका तासाच्या विलंबानेही एखादी विधवा जळेल, हे त्यांच्या ध्यानात होते. सायंकाळपर्यंत काम पुरे झाले. ज्याने बागेतील रोपांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्याने त्या दिवशी एक घटकाही वाट पाहिली नाही.

१८२३ सालच्या ऑक्टोबरात त्यांच्यावर दुहेरी संकट आले. कलकत्त्याहून उपदेश करून परत येताना रात्री नावेतून घाटावर उतरताना ते पडले व कमरेस जबर इजा झाली. त्यावर तापही आला. ते अंथरुणावर असतानाच दामोदर नदीचा बांध फुटून पुराचे पाणी सेरामपुरात शिरले. बागेत पाणी उभे राहिले, वीस वर्षांची लागवड कुजून गेली, आणि नदीकाठचे त्यांचे राहते घर खचू लागले म्हणून त्यांस आजारी स्थितीतच दुसरीकडे हलवावे लागले. पुढे अनेक महिने ते कुबड्यांवर चालत होते. परंतु पाणी ओसरून वाफे दिसू लागताच त्यांनी पुन्हा बी मागविले, माळी कामास लाविले आणि बाग पहिल्यापासून लावावयास घेतली. त्या वेळी त्यांचे वय ६२ वर्षांचे होते. अखेरच्या वर्षांत वादळाने पुन्हा त्या बागेचा नाश केला, तरी पुन्हा तसेच झाले.

१८३३ सालापासून त्यांची शक्ती खचत गेली. चालवेनासे झाले तेव्हा खुर्चीस चाके लावून त्यांस बागेत फिरवीत. तेही सोसवेना तेव्हा मुख्य माळी त्यांच्या खाटेजवळ येऊन कोणते झाड कसे आहे ते रोज सांगत असे, आणि ते पडल्यापडल्या त्यास सूचना देत. एके दिवशी ते उदास दिसले. मार्शमन यांनी कारण विचारता ते म्हणाले की, आपण गेल्यावर मार्शमनभाऊ बागेत गाई सोडतील अशी चिंता वाटते. मार्शमन यांस फुलझाडांची फारशी आवड नव्हती. तरी आपल्या मित्रासाठी बाग जपणे हे आपण पवित्र कर्तव्य समजू, असे त्यांनी वचन दिले. ता. ९ जून १८३४ रोजी पहाटे, रोज ज्या सुमारास ते बागेत जात त्याच सुमारास, केरी यांनी प्राण सोडिला. आपल्या थडग्यावर नाव, जन्ममृत्यूची साले आणि गीताच्या दोन ओळी यांपेक्षा अधिक काही लिहू नये, असे त्यांनी लिहून ठेविले होते, व तसेच करण्यात आले.

आज सेरामपुरास त्यांचे विद्यालय उभे आहे. बाग मात्र राहिली नाही. पुढे त्या जागेवर तागाची गिरणी उठली. भाषांतरे दुसऱ्यांनी नव्याने केली. ज्या वस्तूंसाठी त्यांनी देह झिजविला त्यांपैकी पुष्कळ त्यांच्या हातच्या रूपात आता दिसत नाहीत. मग त्यांचे श्रम वाया गेले काय? वाया गेले असे त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या पुस्तकांनी ज्यांस पहिल्याने अक्षर मिळाले ते म्हणणार नाहीत, आणि ज्या विधवांचे प्राण वाचले त्यांची लेकरेही म्हणणार नाहीत. बाग गेली, पण बागेतून गेलेले बी किती गावांत उगवले असेल याची गणती कोणी केलेली नाही.

उपदेशक बंधूंनो, तुमच्यापैकी कित्येक जण लहानशा गावी एकटे राहून काम करीत आहां. शाळेत दहा मुले, उपासनेस चार घरे; दोन पावसाळे उलटले तरी फळ दिसत नाही, आणि दिसू लागले तोच गावात तंटा होऊन सर्व मोडते. अशा वेळी मोठ्या पुरुषांची चरित्रे वाचून मन अधिकच खचते, कारण आपण त्यांच्यासारखे नाही असे वाटते. केरींचे चरित्र तसे वाचू नका. त्यांच्या अंगी विशेष असा एकच गुण होता, आणि तो कोणाही शेतकऱ्यास साध्य आहे : आजचे काम आज करणे, आणि बुडालेले पुन्हा लावणे. येत्या मृगात प्रार्थनामंदिराच्या अंगणात एक आळे खणा व एखादे रोप लावा. कुंभ्याचेच मिळाले तर फार उत्तम. मुलांस त्याचे नाव सांगा, आणि ते नाव कोणामुळे पडले तेही सांगा. मग रोज सकाळी त्यास एक तांब्या पाणी घाला, आणि तेथेच उभे राहून आपल्या गावासाठी प्रार्थना करा.